उजवीकडचा खिसा

शिंपीमास्तरांचं हृदय उजव्या बाजूला आहे. बोलण्यापुरतं नव्हे, खरोखरचं, छातीच्या पिंजऱ्यात, उजवीकडे. बाकीचं सामानही तसंच मांडलेलं. यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, जणू कोणी आरशात बघून माणूस बेतला. लहानपणी एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे शोधून काढलं आणि त्यांच्या आईला म्हणाल्या, "घाबरू नका. कापड उत्तम आहे, फक्त उलट बाजूने कापलंय." त्या वाक्यामुळेच आपण शिंपी झालो, असं मास्तर सांगतात. अर्थात आपण कशामुळे शिंपी झालो हे ते गिऱ्हाईक बघून ठरवतात. मला त्यांनी निदान चार कारणं सांगितली आहेत.

स्वतःच्या शर्टाला ते खिसा उजवीकडे लावतात. "खिसा काळजावर हवा," म्हणतात. लोकांना वाटतं, मास्तर विसरले.

मी त्यांचा शेजारी. बटणं, दोरे, अस्तर, चेन असलं माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे कात्री चालली की कापड सुती आहे की लोकरी हे मला इकडे बसून कळतं. माणसांच्या बाबतीत मला एक खोड आहे. प्रत्येकाच्या नावाने मनात दोन रकाने आखतो, जमेचा आणि खर्चाचा. मास्तरांच्या जमेला हात, जीभ आणि मोठं मन. खर्चाला एकच कलम, पण ठसठशीत. ती बरणी.

बरणी काचेची, झाकणाची, कपाटावर दर्शनी ठेवलेली. कोणी डॉक्टर मास्तरांना तपासायचा, छातीला डावीकडे चकती टेकवायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "छान. एकदम ठणठणीत." मास्तर गंभीर चेहऱ्याने आभार मानायचे, शर्टाची बटणं लावायचे आणि थेट माझ्या दुकानात यायचे. "बटणशेठ, एक द्या. आणखी एक गेला." ते बटण बरणीत पडायचं. विम्याचा डॉक्टर तपासता तपासता फोनवर मुलाच्या शाळेशी भांडत होता, त्याचं तपकिरी. लायसन्सचा दाखला देणाऱ्याने तर चकती शर्टावरूनच लावली, तीही खिशातल्या पट्टीवर. त्याला फुटकं बटण. आणि ज्याने एक्स-रेची फिल्म उजेडावर धरली, "या पोरांना साधी फिल्म सरळ लावता येत नाही" म्हणून ती स्वतःच्या हाताने उलटी केली आणि मग समाधानाने मान डोलावली, त्याच्यासाठी मास्तरांनी माझ्याकडून खास शिंपल्याचं नेलं.

"ऐकत कोणी नाही हो," मास्तर म्हणायचे. "आधी ठरवतात, मग कान लावतात."

पाहुणे आले की बरणी खाली यायची आणि एकेका बटणाची गोष्ट नकलेसकट व्हायची. आम्ही हसून हसून लोळायचो. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, हे सगळं इतक्या वेळा ऐकलं होतं की हशा कुठे येणार ते ओळखून त्या चहा नेमका त्याच्या आधी आणायच्या.

अलीकडे मास्तरांना आणखी एक नाद लागला होता. त्यांचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना चढताना ते मध्यावर थांबायचे आणि कठडा हलवून बघायचे. "सैल झालाय," म्हणायचे. कठडा भिंतीइतका घट्ट होता. मी ते टिपलं आणि विसरलो.

मास्तरांचा एकुलता एक मुलगा घड्याळं दुरुस्त करतो. गल्लीत त्याला टिकटिक म्हणतात. जमेला: तासन्‌तास मान खाली घालून काम करतो. खर्चाला: खोटं बोलला की कान लाल होतात, त्यामुळे धंद्यात मागे. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज आला.

"बाबा, मला लग्न करायचंय."

"कर की. अडवलंय कोणी? कोणाशी?"

"ती डॉक्टर आहे."

कात्री थांबली. भिंतीच्या या बाजूला मीही थांबलो.

"कसली डॉक्टर? दातांची?"

"नाही."

"डोळ्यांची?"

"छातीला नळी लावतात तसली, बाबा."

मास्तर हसले ते आधी बारीक, मग खोकला लागेपर्यंत. "मग झालं तर! तिला आण. माझी छाती ऐकू दे. जे ऐकू येईल ते खरं सांगितलं, तर त्याच दिवशी सून. मान डोलावली, तर बटण."

"लग्नाला अशी अट असते का?"

"अरे वेड्या, जी बाई न ऐकता 'ऐकलं' म्हणेल, ती जन्मभर तुला 'हं, हं' करेल आणि तू भिंतीशी बोलत बसशील."

जिन्यातून वहिनी म्हणाल्या, "मग मी इतकी वर्षं काय करतेय?"

मास्तरांनी हे ऐकलंच नाही. टिकटिकच्या कानात मात्र बापाचा शब्द रुतून बसला. बापाला डावलून लग्न करणारा तो नव्हता, आणि तिला सोडणाराही नव्हता. वर मास्तरांनी सगळ्या घराला दम भरला. "कोणी तिला खूण केली, खोकलं, डोळा मारला, तर लग्नाचा सूट मी शिवणार नाही. तयार कपडे घालून उभा राहा मग!" शिंप्याच्या मुलाला याहून मोठा शाप नाही.

दुसऱ्या दिवसापासून टिकटिक माझ्या दुकानात येऊन बसायला लागला.

"काका, मी नुसतं उजवीकडे बघत राहिलो तर ती खूण झाली का?"

"झाली."

"आणि उजवीकडे खाजवलं तर?"

"किती वेळ खाजवणार?"

"ती ओळखेपर्यंत."

"तिला वाटेल, मुलाला खरूज आहे. लग्न तसंही मोडेल."

त्याने कपाळ काउंटरवर टेकवलं. "ती हुशार आहे हो. पण नवीन आहे. दवाखान्यात मोठे डॉक्टर म्हणतात 'ऐकू येतंय ना?' की सगळे 'येतंय सर' म्हणतात, असं तिनेच सांगितलंय. ती पण म्हणते. पहिल्यांदा म्हटलं, त्या रात्री तिला जेवण गेलं नव्हतं."

हे कलम जमेचं की खर्चाचं, ते मला ठरवता येईना.

इकडे मास्तरांची तयारी लग्नघरासारखी चालली होती. उजवा खिसा तिने पाहिला तर चोरी पकडली जाईल, म्हणून त्यांनी मुद्दाम एक नवा शर्ट शिवला. खिसा डावीकडे. इतकी वर्षं ज्या माणसाने जगाला फसवलं तो शेवटी स्वतःच्या मशीनवर स्वतःलाच खोटा खिसा शिवत बसला होता, आणि शीळ घालत होता. बटणं माझ्याकडचीच.

रविवारी ती आली. मलाही बोलावणं होतं, साक्षीदार म्हणून. मुलगी बुटकी, चटपटीत, खांद्याला स्वतःच्या निम्म्या आकाराची पिशवी. दारातच ती वहिनींना म्हणाली, "काकू, जिन्यात पडणार होते, वाचले, म्हणजे आजचा अपघात झाला, आता काही होणार नाही." वहिनी तिथेच फिदा. वहिनींचं मत आम्ही कोणी विचारलं नव्हतं, पण खरं तर निकाल तेव्हाच लागला होता.

चहा झाला. बिस्किटं झाली. मास्तर सोफ्यावर अशा थाटात बसले होते की समोर छायाचित्रकार असावा.

"डॉक्टरीणबाई, जरा आमचंही बघा. म्हातारं माणूस."

"काका, तुम्ही कुठले म्हातारे!" तिने पिशवीत हात घातला. आधी कंगवा निघाला, मग बिस्किटांचा अर्धा पुडा, मग त्यात गुंतलेला स्टेथोस्कोप. टिकटिक खुर्चीच्या कडेवर. त्याचे कान आधीच लाल, अजून एक शब्द बोलला नव्हता तरी.

तिने नळ्या कानात घातल्या आणि चकती मास्तरांच्या छातीवर टेकवली. डावीकडे.

मास्तरांनी छताकडे बघितलं. वहिनींनी बशीकडे बघितलं. मी कपाटावरच्या बरणीकडे बघितलं.

तिच्या कपाळावर आठी आली. तिने चकती थोडी सरकवली. मग उचलली, तिच्यावर बोटाने टिचकी मारली, पुन्हा टेकवली. पुन्हा आठी. मान डोलवायची हीच वेळ. विम्यावाला इथेच डोलला होता, लायसन्सवाला तर त्याआधीच. टिकटिकने श्वास धरला.

"काका," ती म्हणाली, "मला काहीच ऐकू येत नाही."

मास्तरांची मिशी हलली. "काहीच?"

"म्हणजे लांबून, शेजारच्या घरात कोणी चालतंय असं काहीतरी. चकती उलटी असणार. हिला दोन तोंडं असतात, एक उघडं असलं की दुसरं बंद. पहिल्या वर्षाची पोरं बंद तोंड लावतात आणि काही ऐकू येत नसताना 'हो सर' म्हणतात." ती थांबली. "मीही म्हटलंय. थांबा, फिरवते." तिने चकती कट्‌कन फिरवली, टिचकी मारली, दचकली. "आता तर टिचकीही ऐकू येत नाही. म्हणजे आधीच बरोबर होती." परत कट्‌. परत डावीकडे. "नाही. नळी फुटली की काय? जरा इकडे ये रे."

हे टिकटिकला. तो उठला, गुडघा टेबलाला आपटला, आणि येऊन उभा राहिला. तिने चकती त्याच्या छातीवर लावली आणि एकदम कानातल्या नळ्या ओढून काढल्या.

"अगं आई! हे काय, घोडे सुटलेत का? नळी व्यवस्थित आहे." मग डोळे बारीक करून, "तू काय लपवतोयस?"

"मी? काही नाही."

कान. काय वर्णावे ते कान. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

खात्री करायला तिने चकती स्वतःच्या छातीवर ठेवली, ऐकलं, लाजली, आणि घाईने काढून घेतली. मग ती वळली आणि मास्तरांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, स्टेथोस्कोप चांगला आहे, कान चांगले आहेत. तुमच्या इथे हृदयच नाहीये. कुठे ठेवलंय?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने चकती उचलून उजवीकडे टेकवली.

पुढचा क्षण मी कधी विसरणार नाही. तिचा चेहरा दिवाळखोराला लॉटरी लागावी तसा फुलला. "सापडलं! काकू, सापडलं! उजवीकडे आहे! मी पुस्तकात वाचलं होतं, मला वाटलं पुस्तकातच असतं!" ती जागच्या जागी उडी मारत होती आणि नळी अजून मास्तरांच्या छातीला, त्यामुळे मास्तरही अर्धवट उडत होते. टिकटिकने मला मिठी मारली. मी वहिनींना बरणी दाखवली. मास्तर दोन्ही हात वर करून ओरडले, "सून! सून! हीच सून! बटणशेठ, साक्ष आहात!"

"आहे!" मी म्हणालो.

तेव्हा ती म्हणाली, "गप्प बसा जरा."

ती अजून ऐकत होती. उडी थांबली होती. चकती हळूहळू खाली सरकली, मग उजव्या काखेकडे. तिथे ती बराच वेळ राहिली. तिने डोळे मिटले नव्हते. उघडे ठेवून ऐकत होती, जमिनीकडे बघत.

"काका, जिना चढताना दम लागतो?"

"छे."

"मध्येच थांबावं लागतं?"

"कठडा सैल आहे," मास्तर म्हणाले.

मी कठड्याकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. माझ्या मनातल्या हिशेबातली चुकलेली ओळ तेव्हा मला दिसली, पण ती आता माझ्या दुरुस्तीची राहिली नव्हती.

"आतली एक झडप नीट मिटत नाही," तिने शांतपणे सांगितलं. "प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे गळतंय. त्याचा आवाज येतो. बरेच दिवसांचं असेल. इतके डॉक्टर झाले, पण या बाजूला कोणी कान लावलाच नाही ना?"

कपाटावरची बरणी एकदम भलतीच मोठी दिसायला लागली.

मास्तरांनी शर्ट ओढून घेतला. "हे बघ पोरी, मी तुझी गंमत केली, तू माझी करतेस. फिटली बरोबरी. चहा घे."

"गंमत नाही, काका. उद्या दवाखान्यात चला. यंत्रावर नीट बघू."

"मी कुठेही येणार नाही. माझं हृदय मला माहीत आहे. आयुष्यभर वापरतोय."

तिने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि टेबलावर ठेवला, अगदी बिस्किटांच्या बशीशेजारी. "'हीच सून' म्हणजे तुमची काहीतरी अट होती, ती पुरी झाली. आता माझी. तुम्ही तपासून घेईपर्यंत मी लग्न करणार नाही. हा इथेच ठेवून जातेय. मला खोटं ठरवायचं असेल तर स्वतः ऐका."

"दवाखान्यात काय लावशील मग?"

"मैत्रिणीचा मागेन. काकू, बिस्किटं छान होती." आणि पिशवी घेऊन ती गेली. टिकटिक तिच्यामागे जिन्यापर्यंत पळाला, परत बापाकडे आला, परत जिन्याकडे. लंबकासारखा.

पुढचा आठवडा गल्लीने पाहिला नव्हता असा गेला.

मास्तरांनी पहिले दोन दिवस स्टेथोस्कोपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे मला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, आणि मग शिलाई मशीन थांबून थांबून चालल्याचा आवाज. डोकावून बघतो तर मास्तर मशीनला नळी लावून बसलेले. "चालतेय नीट," त्यांनी मला कळवलं.

त्यानंतर मशीनवरून माणसांवर यायला त्यांना वेळ लागला नाही. मापं द्यायला आलेल्या कोणालाच सुटका नव्हती. छाती, कंबर, खांदा, बाही, आणि मग "जरा श्वास धरा". पोस्टमनला ऐकलं, बेकरीवाल्याला ऐकलं. लग्नाच्या कोटाची ट्रायल द्यायला आलेल्या नवरदेवाला ऐकून म्हणाले, "तुमचे पण घोडे." समोरच्या न्हाव्याने उलट त्यांचीच फिरकी घेतली, "मास्तर, दाढी करून देतो, आवाज स्वच्छ येईल." माझ्या दुकानात आले ते थेट काउंटरवरून वाकून.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"गप्प. बोललात की गडगडतं." ऐकून झालं. मास्तर जरा हिरमुसलेले दिसले. "तुमचंही तसंच. लब-डब, लब-डब. सगळ्यांचं एकसारखं, तयार कपड्यांसारखं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते रोगी शोधत नव्हते, जोडीदार शोधत होते. आपल्यासारखा आवाज असणारा एक, फक्त एक माणूस गल्लीत सापडला असता, तर मास्तर म्हणाले असते की हे सगळ्यांनाच असतं, आणि पोरीला ऐकण्याचा सराव नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, "स्वतःचं ऐकलंत?"

"ऐकलं," ते म्हणाले, आणि अस्तराच्या ताग्याला हात लावून बघू लागले. नको असलेलं अस्तर बराच वेळ चाचपलं.

निकाल लावला तो वहिनींनी. भर दुपारी, दुकान उघडं असताना त्या खाली आल्या. आधी त्यांनी मास्तरांसमोर बसून स्वतःचं ऐकायला लावलं. मास्तर म्हणाले, "तुझं तर घड्याळ आहे." मग वहिनींनी त्यांच्या कानातून नळ्या काढून स्वतःच्या कानात घातल्या.

"अगं, तू काय करतेस?"

"इतकी वर्षं 'हं, हं' केलं. आज ऐकते."

नवऱ्याची छाती कुठल्या बाजूला ऐकायची हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. मी दोऱ्याची रिळं द्यायला म्हणून गेलो होतो, तिथेच उभा राहिलो. वहिनी ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडावर हसू, दोन्ही एकाच वेळी, एकमेकांची परवानगी न घेता.

"हे काय शिवून ठेवलंय तुम्ही? लब, मग फुस्स, मग डब."

मास्तर हळूच म्हणाले, "टाका सुटतोय."

"कधीपासून माहीत आहे?"

"गुरुवारपासून. बॉबिन सैल झाली की मशीन असंच बोलतं. एखादं गिऱ्हाईक असलं काम घेऊन आलं असतं ना, तर मी त्याला झापलं असतं, की इतके दिवस काय करत होतात."

"मग झापा की."

मास्तर उठले. वरून कपाटावरची बरणी आणली, पुसली, आणि माझ्याकडे वळले. "बटणशेठ, एक बटण द्या. ओव्हरकोटाचं, दुकानातलं सगळ्यात मोठं."

"आता कोण गेला?"

"आहे एक. तो इतकी वर्षं या बटणांची गोष्ट सांगून हसला आणि जिन्यात कठडा हलवत राहिला. सगळ्यात जास्त वेळ मी त्याला फसवलं. त्याचंच राहून गेलं होतं."

बटण इतकं मोठं, की बरणीच्या तोंडातून जाईना. शेवटी वहिनींनी तिरकं करून ढकललं. टिकटिक दारात उभा होता. त्याने काहीही विचारलं नाही, तिथूनच फोन लावला. "होकार आहे," तो म्हणाला. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, कान लाल झाले. पण या वेळी खोटेपणाने नव्हे.

दवाखान्यात मास्तरांनी जो दंगा केला त्याची कीर्ती अजून आहे. पट्टीवर ठोके उमटवणाऱ्या यंत्राच्या तंत्रज्ञाने तारा चिकटवल्या, कागद बघितला, आणि "तारा उलट्या लागल्या वाटतं" म्हणून सोडवायला लागला. जुने मास्तर असते तर त्यांनी त्याला मनसोक्त सोडवू दिलं असतं. वहिनींनी नुसतं बघितलं. मास्तरांनी सुस्कारा टाकला आणि उजव्या बाजूवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, इथे आहे. इथे ऐक." हा त्यांचा त्याग कोणाच्या लक्षात आला नाही, म्हणून मी इथे त्यांच्या जमेला मांडतो.

मग विद्यार्थ्यांचा घोळका आला, रांगेने ऐकून गेला. आमची होणारी सून रांगेच्या तोंडाशी उभी राहून प्रत्येकाला विचारत होती, "काय ऐकू आलं? नसेल आलं तर 'नाही आलं' म्हण. कोणी खाणार नाही." एक किडकिडीत मुलगा चाचरत म्हणाला, "मॅडम, नाही आलं." तिने त्याची चकती फिरवून दिली आणि त्याचा चेहरा उजळला.

झडप दुरुस्त करायचं ठरलं. सर्जन समजावायला आले तर मास्तरांनीच त्यांची उलटतपासणी सुरू केली.

"शिवणार म्हणजे टाका कोणता घालणार?"

"अं... जिथे जसा लागेल तसा."

"असं सगळे शिंपी म्हणतात. दोरा कसला?"

सर्जननी दोरा सांगितला. मास्तरांनी नमुना मागितला. नमुना खरोखर आला, बोटांत चोळून पाहिला गेला आणि मंजूर झाला.

"तुमचं हृदय उलट बाजूला असल्याने मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूने उभं राहावं लागेल," सर्जन म्हणाले.

"मग सोपं आहे. डावखुऱ्या गिऱ्हाइकाचा कोट कापताना मी पण तेच करतो. घाबरू नका."

ऑपरेशनच्या सकाळी सुनेने आत नेण्यापूर्वी एकदा ऐकलं. "लब, फुस्स, डब," ती म्हणाली. "शेवटचं फुस्स आहे हां काका, निरोप घ्या त्याचा." मास्तर हसले, आणि हसतच आत गेले. आम्ही बाहेर बाकावर. टिकटिक सगळ्यांच्या मनगटावरची घड्याळं काढून घेऊन एकाच वेळेला लावत बसला, म्हणजे कोणाचं पुढे, कोणाचं मागे असा जीव टांगणीला लागायला नको.

शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी सगळ्यात आधी स्टेथोस्कोप मागितला. स्वतःच ऐकलं. बराच वेळ. मग वहिनींना नळ्या देऊन म्हणाले, "बघ. एकही टाका सुटत नाही."

लग्न टाके पूर्ण भरल्यावर झालं. टिकटिकचा सूट मास्तरांनीच शिवला, आणि सुनेला लग्नाची भेट म्हणून दवाखान्यात घालायचा पांढरा कोट. कोटाला स्टेथोस्कोपसाठी खिसा. उजवीकडे. आणि बटणं बरणीतली, एकही दुसऱ्यासारखं नाही: वर तपकिरी, मग फुटकं, मग शिंपल्याचं, आणि सगळ्यात खाली ते ओव्हरकोटाचं, पोटावर ढालीसारखं.

तिने कोट घातला, गोल फिरली, आणि मास्तरांना घट्ट मिठी मारली. मग एकदम मागे सरकली.

"बाबा! तुम्हाला माहीत आहे का? दोन माणसं समोरासमोर मिठी मारतात तेव्हा हृदयं समोर येत नाहीत. एकाचं या बाजूला, दुसऱ्याचं त्या बाजूला. तुमचं उजवीकडे आहे, म्हणून तुम्ही कोणालाही मिठी मारली की हृदयावर हृदय येतं. थेट. बाकी कोणालाच ते जमत नाही!"

मास्तरांनी हाताने छाती चाचपून हिशेब केला. माझी उजवी, समोरच्याची डावी. ओठ हलत होते. मग त्यांचा चेहरा तसाच फुलला, जसा तिचा त्या रविवारी फुलला होता.

पुढचा तासभर मांडवात कोणीही सुरक्षित नव्हतं. वहिनींना मिठी, टिकटिकला मिठी, सर्जनना मिठी, किडकिडीत विद्यार्थ्याला मिठी, न्हाव्याला हातात वस्तरा नसल्याची खात्री करून मिठी. प्रत्येक मिठीत क्षणभर थांबायचे, कान दिल्यासारखे. सून मागून ओरडत होती, "बाबा, जपून, छातीचं हाड तारांनी शिवलंय!" पण मास्तर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

मला त्यांनी दोनदा मारली. पहिली, म्हणाले, ट्रायल होती.